टक्कर कशाने मोजायची: संवेगाने की ऊर्जेने?

पडवी

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा नववीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकातले पहिले दोन धडे ‘गतीचे नियम’ आणि ‘कार्य आणि ऊर्जा’. पहिल्यात संवेग येतो: वस्तुमान गुणिले वेग. दुसऱ्यात गतिज ऊर्जा येते: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मे. तिला दोन्ही पाठ आहेत, गणितं सुटतात, मार्कही मिळतात. पण परवा जेवताना तिनं विचारलं,

“बाबा, गाडीचा वेग दुप्पट झाला की संवेग दुप्पट होतो आणि ऊर्जा चौपट होते. मग ती भिंतीवर आदळली तर धडक दुप्पट बसते की चौपट?”

मी चटकन ‘चौपट’ म्हणालो. ती म्हणाली, “मग संवेग शिकवतात कशाला?” आणि मी गप्प झालो. डिप्लोमा करून पंचवीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढली, ही सूत्रं रोजची आहेत. पण वस्तुमान तेच, वेग तोच, आणि त्यातून दोन वेगळी मापं का काढतात, हे मला साध्या शब्दांत सांगता येईना. आपल्या बोलण्यात तर सगळ्याला एकच शब्द आहे, ‘जोर’. चेंडू जोरात लागला, गाडी जोरात आली, गोणी उचलायला जोर लागला. तो जोर म्हणजे संवेग, ऊर्जा, बल की कार्य?

शिकवणाऱ्यांनी जरूर लिहावं. सूत्रं नकोत, ती पुस्तकात आहेत. दोन मापं का लागतात ते हवंय.

खडू-फळा

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. हा प्रश्न वर्गात चार-पाच वर्षांतून एकदा येतो, आणि आला की त्या दिवशीचा ठरलेला पाठ मी बाजूला ठेवतो.

भिंत क्षणभर सोडू, ब्रेक घेऊ. ब्रेकचं बल साधारण सारखं राहतं, त्यामुळे हिशेब स्वच्छ दिसतो. १००० किलोची गाडी ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगानं जातेय. ब्रेक मागे ओढतो ५००० न्यूटननं. दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रति सेकंदानं घटतो, म्हणजे गाडी २ सेकंदांत थांबते. त्या वेळात सरासरी वेग ५, म्हणून अंतर १० मीटर.

आता वेग दुप्पट करा, ताशी ७२ किमी. ब्रेक तोच. थांबायला ४ सेकंद लागतात. सरासरी वेग १०. अंतर ४० मीटर.

ब्रेक एकच, गाडी एकच. वेळ झाला दुप्पट आणि अंतर झालं चौपट. तुम्ही विचारलंत किती वेळ लागला, तर उत्तर संवेग देतो, कारण बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल. तुम्ही विचारलंत किती अंतर लागलं, तर उत्तर ऊर्जा देते, कारण बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, आणि तेवढीच ऊर्जा गाडीतून गेली. ‘धडक’ या शब्दात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत, म्हणून ती अडली.

चौपट का, हे मुलांना मी असं सांगतो: थांबायला दुप्पट वेळ लागतो, आणि त्या दुप्पट वेळात गाडी सरासरी दुप्पट वेगानं धावत असते. दोनदा दुप्पट. सूत्रातला तो ‘अर्धा’ही इथूनच येतो. वेग शून्यापर्यंत उतरताना सरासरी निम्मी पडते ना, तोच.

एक्स्प्रेसवेवर ताशी १०० किमीनं जाणाऱ्या गाडीला हाच ब्रेक लावला तर ७७ मीटर लागतात. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरा, त्यात आणखी २८ मीटर. हा आकडा मी दर वर्षी मुलांना मैदानावर पावलांनी मोजायला लावतो. शंभर मीटरच्या पुढे चालत गेलेलं पोर मागे वळून बघतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कळलेलं दिसतं.

बोरिक पावडर

सरांचं उत्तर पटलं. पण दोन्ही मापं एकाच वेळी का लागतात हे कॅरममध्ये जास्त छान दिसतं. मी लहानपणापासून गल्लीच्या क्लबात खेळतोय, म्हणून राहवत नाही.

नियमाप्रमाणे स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा. सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची. हिशेबाला ५ धरू. स्ट्रायकर समोरून बरोबर मध्यावर बसला तर पुढे काय होणार? दोन अज्ञात आहेत: टकरीनंतर स्ट्रायकरचा वेग आणि सोंगटीचा वेग. टकरीआधी आणि नंतर एकूण संवेग सारखाच राहतो, पण नुसत्या संवेगानं उत्तर निघत नाही. दोघं चिकटून पुढे गेले तरी संवेग जमतो, सोंगटी उडून गेली तरी जमतो. दुसरं समीकरण ऊर्जेचं लागतं.

दोन्ही मांडली की उत्तर येतं: स्ट्रायकरचा वेग निम्मा राहतो आणि सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगानं सुटते (टकरीत ऊर्जा वाया जात नाही असं धरून, थोडी जातेच). आता गंमत बघा. संवेग दोघांत अर्धा-अर्धा वाटला गेला. पण ऊर्जा मात्र स्ट्रायकरकडे एक भाग आणि सोंगटीकडे तीन भाग. एकच टक्कर, दोन वाटण्या, दोन्ही खऱ्या.

सरळ मारलेल्या सोंगटीमागोमाग स्ट्रायकरही पॉकेटमध्ये का जातो आणि ड्यू (दंड) का बसतो, ते यातच आहे. त्याचा निम्मा वेग त्याच दिशेला शिल्लक असतो. गोट्यांमध्ये असं होत नाही. सारख्या वजनाची गोटी नेमकी मध्यावर बसली तर मारलेली जवळजवळ जागच्या जागी थांबते आणि दुसरी तिचा सगळा वेग घेऊन जाते. म्हणून जाणता खेळाडू सरळ सोंगटी घेताना स्ट्रायकर किंचित बाजूनं लावतो.

खडू-फळा

@बोरिक पावडर, फार सुंदर. हे वर्गात वापरणार. तुमच्या मुद्द्याला एक जोड: संवेगाला दिशा असते, ऊर्जेला नसते. ओल्या मातीचे दोन सारखे गोळे समोरासमोरून सारख्या वेगानं आले आणि चिकटून थांबले. आधी एकूण संवेग शून्य, नंतरही शून्य, बिघडलं काहीच नाही. ऊर्जा मात्र आधी होती, नंतर हालचालीत दिसत नाही. ती माती दबण्यात आणि तापण्यात गेली. एकच माप ठेवलं असतं तर या दोनांपैकी एक गोष्ट आपल्याला दिसलीच नसती.

जुनं पान

पडवी, तुमच्या मुलीनं विचारलेला प्रश्न युरोपातल्या विद्वानांना पन्नास वर्षांहून जास्त काळ पुरला होता, हे तिला जरूर सांगा.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं १६४४ मध्ये मांडलं की विश्वातली ‘गतीची मात्रा’ कायम राहते, आणि ती म्हणजे वस्तूचा आकार गुणिले तिची चाल. दिशेचा विचार त्यात नव्हता, त्यामुळे त्याचे टकरींचे नियम बरेचसे चुकले. दिशा धरून हिशेब नीट लावला तो हायगेन्स आणि त्याच्या काळातल्या इतरांनी, १६६८ च्या आसपास.

मग १६८६ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्निझ उभा राहिला. त्याचा युक्तिवाद मला अजूनही फार आवडतो. ४ किलो वजन १ मीटर उचला किंवा १ किलो वजन ४ मीटर उचला, कष्ट सारखेच (एकके मी आजची घातली आहेत). मग दोन्ही खाली पडू दिली तर जमिनीवर येताना दोघांची ‘शक्ती’ही सारखीच असायला हवी. पण गॅलिलिओनं दाखवलं होतं की चौपट उंचीवरून पडलं की वेग फक्त दुप्पट होतो. म्हणजे वस्तुमान गुणिले वेग काढला तर पहिल्याचा ४ गुणिले १, दुसऱ्याचा १ गुणिले २. जुळत नाही. वेगाचा वर्ग घेतला तर ४ आणि ४. जुळलं. या वर्गाच्या मापाला त्यानं ‘जिवंत बल’ म्हटलं.

वाद शब्दांचा होता तोवर मिटेना. लायडनच्या ग्रावेसांड या प्राध्यापकानं १७२२ मध्ये मऊ मातीवर धातूचे गोळे टाकले. सारख्या आकाराचे, पण वेगवेगळ्या वजनाचे. निम्म्या वजनाचा गोळा दुप्पट उंचीवरून टाकला तर मातीत खड्डा तेवढाच पडायचा. तो स्वतः आधी संवेगाच्या बाजूचा होता. खड्डे बघून त्यानं मत बदललं.

आणि एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीनं १७४० च्या आपल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथात हे प्रयोग आणि लायब्निझचा विचार एकत्र मांडला, तोही मोठमोठ्यांशी वाद घालत. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चं फ्रेंच भाषांतर तिचंच. १७४९ मध्ये बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती गेली आणि भाषांतर पूर्ण छापून आलं १७५९ मध्ये. नववीतल्या मुलीला हे नाव माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

‘ऊर्जा’ हा शब्द या अर्थानं टॉमस यंगनं १८०७ मध्ये वापरला. ‘कार्य’ ही संज्ञा आणि सूत्रातला तो ‘अर्धा’ कोरिऑलिसनं १८२९ मध्ये पक्का केला, यंत्रांचा हिशेब करताना.

पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला रात्री मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘दोनदा दुप्पट’ तिला लगेच बसलं. आणि मातीच्या खड्ड्यांचं ऐकल्यावर ती उठलीच.

गणपतीची शाडूची माती उरलेली होती. ती भिजवून, मळून ताटात थापली. गॅरेजमधून बेअरिंगचा मोठा छर्रा आणला, साधारण २० मिमी व्यासाचा. २५ सेमीवरून टाकला, मग १ मीटरवरून. उंची चौपट, म्हणजे ऊर्जा चौपट आणि वेग दुप्पट. खड्ड्यात काडी उभी धरून खोली मोजली. पहिल्यात साडेतीन मिमी. दुसऱ्यात सात-साडेसात. पाच वेळा केलं, तसंच येतंय. म्हणजे दुप्पट!

ती म्हणते, “संवेग जिंकला.” आता काय सांगू?

खडू-फळा

मोजमाप चुकलेलं नाही, ते आधी सांगतो. पाच वेळा करून पाहिलं हे तर फारच चांगलं.

छर्रा मातीत जाताना माती बाजूला सारतो. काम किती झालं ते किती माती सारली त्यावर आहे, म्हणजे खड्ड्याच्या घनफळावर. छर्रा गोल आहे. टेकतो तेव्हा टोकाशी अगदी थोडी माती अडवते आणि खोल जाईल तशी जास्त जास्त. शेवटचा मिलिमीटर पहिल्या मिलिमीटरपेक्षा कितीतरी महाग पडतो. उथळ खड्ड्यात घनफळ साधारण खोलीच्या वर्गाबरोबर वाढतं.

तुमचेच आकडे घालतो. त्रिज्या १० मिमी. खोली साडेतीन मिमी असेल तर खड्डा साधारण ३४० घन मिमी. साडेसात असेल तर १३२५. भागून बघा: जवळपास चौपट.

ग्रावेसांडनं सारख्या आकाराचे गोळे का घेतले ते आता तिला विचारा. आकार सारखा असला की खड्डा सारखा दिसला म्हणजे घनफळही सारखंच, वेगळं काही काढावं लागत नाही. ती तसाच प्रयोग करू शकेल.

धान्यबाजार

मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही. पण या धड्याबद्दल एक गोष्ट शाळेपासून मनात आहे.

माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. नववीत आम्हाला उदाहरण होतं: हमाल डोक्यावर ओझं घेऊन सपाट जमिनीवर चालतो तेव्हा ओझ्यावर झालेलं कार्य शून्य. फळ्यावर तो शून्य काढलेला मला अजून दिसतो. त्या दिवशी संध्याकाळी वडील घरी आले, सदरा काढला. मानेच्या मागं, जिथं गोणीचा काठ टेकतो, तिथं कातडं घट्ट होऊन काळं पडलेलं होतं. मी त्यांना धडा सांगितला नाही.

शून्य कसं, हे मला कुणीतरी नीट सांगा. गणित मला येतं. बल वर, विस्थापन आडवं, काटकोन, म्हणून शून्य. ते नको.

खडू-फळा

तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. हे उदाहरण मीही वर्षानुवर्षं तसंच फळ्यावर काढलंय, आणि ते अर्धवट सांगितलं जातं.

‘कार्य’ हे माप गोणीच्या खात्याचं आहे. गोणीला किती ऊर्जा मिळाली, एवढंच ते विचारतं. सपाट रस्त्यावर गोणी त्याच उंचीवर राहिली, तिच्या खात्यात काही जमा झालं नाही. तो शून्य गोणीचा आहे. माणसाचा नाही.

माणसाच्या खात्यात काय चालतं? फडताळ ओझं धरून वर्षभर उभं राहतं, त्याला काही खावं लागत नाही. स्नायूला तसं जमत नाही. त्यातले तंतू एकमेकांना पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि प्रत्येक पकडीला अन्नातून आलेली ऊर्जा खर्च होते. ओझं जागचं हललं नाही तरी हे आत अखंड चालू असतं. ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. घाम येतो तो त्यामुळे.

आता उचलण्याचा हिशेब. ५० किलोची गोणी दीड मीटर उचलली: ७३५ ज्यूल. समजा दिवसाला ३०० गोण्या. साधारण २ लाख २० हजार ज्यूल. विजेचं एक युनिट ३६ लाख ज्यूलचं असतं. म्हणजे गोण्यांच्या खात्यात दिवसभरात जमा झालं युनिटचा सोळावा भाग. अन्नाच्या भाषेत पन्नासेक किलोकॅलरी, भाकरीचा एक तुकडा. पण तेवढं गोणीत घालायला शरीराला त्याच्या चौपट तरी खर्च करावा लागतो. शिवाय प्रत्येक गोणीला वाकताना आणि उठताना स्वतःचं अर्धं शरीर उचलावं लागतं, ते गोणीच्या खात्यात येतच नाही. मग चालणं, तोल सांभाळणं, धरून उभं राहणं.

यापुढे मी फळ्यावर दोन रकाने काढीन, ‘ओझं’ आणि ‘माणूस’. शून्य फक्त पहिल्यात लिहीन.

धान्यबाजार

सर, ‘तो शून्य गोणीचा आहे’ हे वाक्य मी वडिलांना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, मग दुसऱ्या रकान्यात किती? मी त्यांना भाकरीचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, “बाजारात दिवसाला सहा भाकरी लागायच्या, ते काय उगीच?”

घाटचढ

मी तीस वर्षं रेल्वेच्या इंजिनावर होतो, त्यातली बरीच कर्जत-लोणावळा घाटात. माझ्याकडून एक हिशेब.

भोर घाटात रुळांचा चढ काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर आहे. ऐकायला काहीच वाटत नाही, पण रेल्वेसाठी तो फार मोठा, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात. कर्जत ते लोणावळा उंची साडेपाचशे मीटर धरू, आणि गाडी १००० टनांची. ती वर नेण्याचं कार्य निघतं ५३९ कोटी ज्यूल, म्हणजे साधारण १५०० युनिट वीज. तीच गाडी सपाटीवर ताशी १०० किमीनं धावत असेल तर तिची गतिज ऊर्जा किती? फक्त १०७ युनिट. घाटाच्या उंचीत वेगाच्या चौदापट ऊर्जा दडलेली आहे.

उतरताना ते १५०० युनिट कुठंतरी गेलेच पाहिजेत. नुसते ब्रेक धरून उतरलं तर ते सगळं ब्रेकब्लॉक आणि चाकांत उष्णता होऊन जातं. तापलेल्या लोखंडाचा तो वास ज्यानं घेतलाय तो विसरत नाही. आताची थ्री-फेज इंजिनं उतरताना मोटारचाच जनित्र करतात आणि बरीचशी वीज परत तारेत घालतात.

आणि ब्रेक लागलेच नाहीत तर? त्यासाठी कॅच सायडिंग असतं, मुख्य मार्गातून फुटून वर चढत जाणारा रूळ. सुटलेली गाडी त्यावर चढते, वेगाची ऊर्जा उंचीत जाते आणि ती थांबते. सेकंदाला १५ मीटरनं आलेल्या गाडीला साडेअकरा मीटर उंची पुरते. वेग दुप्पट असेल तर ४६ मीटर लागते, हीच ती चौपट. आणि यात गाडीचं वजन कुठंच येत नाही. हजार टनांची असो की शंभर, उंची तेवढीच.

स्लिप

क्रिकेटवाल्यांसाठी थोडक्यात: सीझन बॉल १६० ग्रॅमचा, सेकंदाला २५ मीटरनं आला तर ऊर्जा ५० ज्यूल. हात ताठ ठेवून ५ सेमीत थांबवला तर हातावर सरासरी १००० न्यूटन. हात मागे घेत २५ सेमीत थांबवला तर २००. पडवी, तुमच्या भिंतीचं उत्तर यात आहे. भिंतीवर बल किती बसेल ते गाडीचा पुढचा भाग किती अंतर चेपतो त्यावर ठरतं. चेपायचं अंतर तेवढंच राहिलं आणि वेग दुप्पट झाला, तर सरासरी बल चौपट.

पडवी

दुसरा प्रयोग झाला. कळवायचं राहायला नको म्हणून लगेच लिहितोय.

टेबल टेनिसचे दोन बॉल घेतले. बारीक भोक पाडून एकात सिरिंजनं पाणी भरलं, दुसऱ्यात कोरडी वाळू ठोकून ठोकून भरली, एम-सीलनं भोकं बंद केली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचा ३६ ग्रॅम भरला आणि वाळूचा ५४, अगदी २ ला ३. मग वाळूचा ६० सेमीवरून आणि पाण्याचा ९० सेमीवरून. मुलीनं वहीत आधीच लिहून ठेवलं होतं: ऊर्जा दोघांची सारखी. संवेग मात्र पाण्याच्या बॉलचा जवळपास पाचव्या हिश्शानं कमी. तेव्हा संवेग खरा असेल तर पाण्याचा खड्डा लहान यायला हवा.

खड्ड्यांचा व्यास पट्टीनं मोजला. वाळूचा २६ मिमी. पाण्याचा २६ मिमी. पुन्हा केलं, २६ आणि २५. पाचांपैकी चार वेळा पट्टीवर फरकच दिसेना. एकदा पाण्याचा बॉल कडेला पडला, तो तिनं वहीतून काढला नाही, शेजारी ‘कडेला पडला’ असं लिहून ठेवला.

आता ताट तिच्या टेबलावर आहे, खड्ड्यांसकट. माती वाळेपर्यंत हात लावायचा नाही असं तिनं आईला बजावलंय, आणि बोरिक पावडर यांच्या स्ट्रायकरसाठी माळ्यावरून कॅरम काढायला मला सांगितलंय.